मागच्या चाकाचा आवाज
ब्रेकलायनर जळल्याचा वास आला, की मला इगतपुरीची ती दुपार आठवते. देवळ्याहून पिकअपमध्ये कांदा भरून मी आणि थोरला भाऊ मुंबईला निघालो होतो. मागचं चाक करकरत होतं, ब्रेक दाबला की किंचाळत होतं आणि जळका वास येत होता. "दादा, घाट उतरू नको." "गप बस! लय शहाणा झालास का?" टपरीपाशी गाडी थांबताच मी किल्ली उपटली. त्यानं मला खाली ओढून ठोसे मारले. ओठ फाटला, तसा मी दगड त्याच्या खांद्यात घातला. लोकांनी आम्हाला सोडवलं. टपरीशेजारच्या गॅरेजातल्या मेकॅनिकनं चाक खोललं, तर बेअरिंगचा चुरा झालेला. "घाटात चाकच निखळलं असतं," तो म्हणाला. दादानं तो चुरा तळहातावर घेऊन पाहिला. माफी त्यानं कधीच मागितली नाही. पण आजही घाटाआधी तो उतरतो, चारही चाकं तपासतो आणि माझ्याकडे न बघता विचारतो, "निघायचं का?"