उभ्या उभ्या शिकलेली मावशी

"बसायला येळ कुठाय, भाऊसाहेब? हे तेवढं वाचून दावा," असं म्हणत ती पदराआडून कागद काढायची आणि माझ्या टेबलाशी उभीच राहायची. नजर सारखी दाराबाहेर. कचेरीत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती लवकर जावीत एवढंच आपल्याला वाटत असतं. मलाही तसंच वाटायचं.

लातूर नवीनच जिल्हा झाला होता. मी सीमेकडच्या एका तालुक्यात कारकून होतो. जुन्या जिल्ह्याचे गठ्ठे अजून पोत्यांतच पडलेले, त्यात दुष्काळ. ती गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. सगळे तिला मावशी म्हणत. खडी फोडायच्या कामावर जायची आणि वस्तीच्या पाण्यासाठी आमच्याकडे खेटे घालायची.

एकदा तिनं गावातल्या कुणीतरी लिहून दिलेला कागद आणला. मी जेवायला निघालो होतो. वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणालो, "टँकरचंच आहे. द्या अंगठा."

तिनं दिला. खालच्या ओळीत लिहिलं होतं, वस्तीच्या विहिरीला पाणी आहे, तिथं टँकरची गरज नाही.

पंधरा दिवस टँकर गावातल्या हौदात रिकामा होऊन परत जात राहिला. वस्तीतल्या बाया लांबच्या झऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. एका दुपारी मावशीची सून घागरीसकट खडकावर आपटली. हात मोडला.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. "तुम्ही त्यो कागद वाचला व्हता ना, भाऊसाहेब?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"मग मलाच शिकवा. आत्ता."

माफी मागायचं धाडस मला झालं नाही. मी बाराखडी शिकवत राहिलो. दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात मी पाटीवर अक्षर काढून द्यायचो, ती उभ्यानंच गिरवायची. 'क' जमायच्या आत 'ख' मागायची. चुकली की स्वतःवरच चिडायची. "लई दगड डोस्कं हाय माझं!" कामावर खडीच्या दगडांवर कोळशानं अक्षरं काढते म्हणून मुकादम ओरडायचा. ही त्यालाच विचारायची, "ह्यो 'ज्ञ' बरुबर हाय का?"

पुढचा पावसाळाही कोरडा गेला. दुष्काळाची पाहणी झाली, पुन्हा टँकरचा कागद आला. या वेळी तहसीलदार साहेबांसमोर सही करायची होती. मावशी एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचू लागली.

"बाई, मागं लोक खोळंबलेत," साहेब म्हणाले.

"खोळंबू द्या. मागल्या टायमाला मी घाई केली, माझ्या सुनेचा हात मोडला."

शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "साहेब, यात गाव हाय. वस्ती न्हाई."

साहेबांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि स्वतःच्या हातानं 'वस्तीसह' असं लिहिलं. मग मावशीनं सही केली. घाम पुसला आणि तरातरा निघून गेली. दोन दिवसांनी वस्तीत टँकर आला.

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी ती उदगीरच्या बसस्थानकावर दिसली. केस पांढरे झालेले, हातात कानडी अंकलिपी.

"लेक भालकीकडं दिलीय, कर्नाटकात," ती म्हणाली. "तिकडच्या गाड्यांच्या पाट्या कळंनात. दोनदा भलत्याच गाडीत बसले. आता कानडी शिकायलेय."

तेवढ्यात एक गाडी आली. तिनं पाटीकडे पाहिलं, ओठ हलवले. "हीच माझी!" म्हणत गर्दीत घुसली. ती मला पुन्हा भेटली नाही.

गाडी वळली तेव्हा ती कानडी पाटी माझ्या अगदी समोरून गेली. मला तिच्यावरचं एक अक्षरही वाचता आलं नाही.