मेडशीच्या पुढची विहीर

अकोल्याहून वाशीमला बहिणीकडे निघालो, तेव्हा ट्रंकेत तिने मागवलेली पुराणकथांची एक पोथी होती. माझा पोथ्यांवर विश्वास बेताचाच. पण बहिणीपुढे कोणाचं चालतं! मेडशीपर्यंत रेंगीने (लहान बैलगाडीने) हाडं खिळखिळी केली. मालेगावच्या अलीकडे वांग्यांचा एक मळा दिसला, म्हणून पाणी प्यायला उतरलो.

पाणी राहिलं बाजूला. विहिरीच्या काठावर एक बाई पालथी पडून आत बघत होती. गाळ काढायला उतरलेला तिचा नवरा कडेची माती ढासळून छातीपर्यंत गाडला गेला होता. तो सुटायची धडपड करी आणि वरून आणखी ढेकळं सुटत. दीर माणसं आणि फळ्या आणायला गावात धावला होता. माझा गाडीवान पुढे सरकला तशी ती ओरडली, "जवळ येऊ नोका! माती जाते खाली."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, पोथी वाचता येते काय तुमाले?"

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण त्यांच्या घरची रीतच तशी होती. सासरे वाचत आणि ही सून अर्थ सांगे. "त्याहिचं मन धरून ठेवा लागते," ती म्हणाली. ट्रंकेत पोथी आहे, असं गाडीवानाने सांगताच ती लगेच म्हणाली, "मंथनाचा अध्याय काढा."

गाडीवानाने ट्रंक उघडली. देवदानवांनी पर्वताची रवी करून समुद्र घुसळल्याची ती कथा मी धडाधड वाचू लागलो.

"पळता कायले? सावकाश वाचा." तिने विहिरीत हाक दिली, "अवो, आयकता ना? तो पहाड म्हंजे आपलं मन. दोन्हीकून ओढलं का डोलते. पण त्याच्याखाली कासव हाय, ते हालत नाई. त्याले पाहा."

"अंधार हाय," खालून आवाज आला.

"डोये मिटूनच दिसते ते."

एवढ्यात एक ढेकूळ सुटलं. धप्प झालं आणि खालचा आवाज बंद पडला. मी वाचायचा थांबलो. "थांबू नोका!" ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पुन्हा वाचू लागलो. ज्या ओव्यांना आजवर हसलो, त्यांनाच घट्ट धरून बसलो होतो. खाली मात्र धडपड थांबली होती.

माणसं आली. फळ्यांचा आधार देऊन त्यांनी हातांनी माती उपसली आणि त्याला दोरावर वर घेतलं. घोटभर पाणी पिऊन तो बायकोला म्हणाला, "कासव नाई दिसलं वो. मीच झालतो कासव. पहाड पाठीवर होता, हालून कसं जमन?"

वाशीमहून परतताना मुद्दाम थांबलो. तो पुन्हा विहिरीत होता! वांगी वाळत होती, गाळ तर काढायलाच हवा. कडेला आता फळ्या ठोकलेल्या होत्या, तरी मला राग आला, भीतीही वाटली.

"आज कोण वाचते?" मी विचारलं.

"कोणी नाई. त्याहिचं त्याहिले दिसते आता."

मी काठापासून चार हात लांब बसलो आणि डोळे मिटले. मला काही दिसलं नाही, नुसती छाती धडधडत होती. गाडीवान हाका मारत होता. पण तो माणूस वर येईपर्यंत मी जागचा हललो नाही.