जळकोटच्या माळावर ‘लागलं’

नांदेडहून निघताना दाजींनी देवाला नमस्कार केला आणि मग मोबाइलवर शेअरचा भाव पाहिला. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला हा माणूस. पण निवृत्तीची सगळी पुंजी त्यांनी एका चिमुकल्या खाणकंपनीत घातली होती. जळकोटच्या माळाखाली दुर्मिळ मृदा आहे, विजेवरच्या गाड्यांच्या मोटारींसाठी तिला सोन्यासारखी मागणी आहे, असं कंपनी सांगत होती. माझ्या बहिणीची झोप उडाली होती. “एकदा डोळ्यांनी बघून या,” म्हणत तिनंच मला पुण्याहून बोलावून दाजींबरोबर धाडलं.

नायगावला चहा घेतला. पाणी मागितलं तर हॉटेलवाला म्हणाला, “बाटली घ्या. पाणी न्हाई.” पुढे दोन्ही बाजूंना उघडी रानं, वाळलेल्या पऱ्हाट्या, नदीत नुसते गोटे. हिरवे होते ते फक्त फलक: ‘होणाऱ्या नव्या जिल्ह्यालगत प्लॉट!’ जिल्ह्याचा अजून पत्ता नव्हता, प्लॉट मात्र विकले गेले होते.

“लोक पण काय मूर्ख असतात!” दाजी हसले. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

एका लिंबाखाली ताईनं दिलेले धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट थालीपीठ) खाल्ले आणि माळ गाठला. कंपनीच्या खोदकामाच्या यंत्राची घरघर चालू होती. भोवती जवळच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. “जय भीम,” म्हणत शांताबाई नावाच्या एका बाईंनी आम्हाला सावलीत जागा करून दिली.

दाजींना धीर कुठला? “बाई, इथं लागेल असं वाटतं का?”

“हाव (होय), लागंल की! लई खोल गेलेत. एकदा लागलं की टँकरची वाट बघणं सुटंल, पोरींची वणवण मिटंल.”

“ऐकलंस? गावालाही खात्री आहे,” दाजी माझ्या कानात म्हणाले. बाईंना ती पाण्याची बोअर वाटत होती. मी तसं सांगणार तोच यंत्राजवळून आरोळी आली.

“लागलं! लागलं!”

दाजींनी तोच शब्द शेअरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आणि मग गढूळ पाणी उसळून वर आलं. बायका घागरी घेऊन धावल्या. शांताबाई हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

कंपनीचा इंजिनिअर वैतागला. “सिमेंट आणा. भोक बुजवा.”

“साहेब, बुजवू नका. आमाला राहू द्या की हो.”

“आमची परवानगी दगड तपासायची आहे बाई, पाण्याची नाही.”

दाजींनी चाचरत मृदेचं विचारलं. “कसली मृदा? साधा काळा दगड आहे सगळा,” तो म्हणाला. आम्ही दोघांनीही पाण्यासाठी त्याला विनवलं. त्यानं पाठ फिरवली. सिमेंट ओतेपर्यंत बायका मिळेल त्या भांड्यात गढूळ पाणी भरत राहिल्या. शांताबाई मात्र रिकामी घागर धरून भोकाकडे बघत उभ्या होत्या. मला संतापानं रडू येत होतं.

परतीच्या वाटेवर दाजींचा मोबाइल सारखा वाजत होता. त्यांच्या एका शब्दानं भाव वर चढला होता.

“खरं काय ते कळवा, दाजी.”

त्यांनी चढता आकडा मला दाखवला. मग म्हणाले, “एवढे लोक घेताहेत, म्हणजे काहीतरी असणारच रे. त्या इंजिनिअरला काय कळतं?”

आपणच उठवलेली आवई त्यांना खरी वाटू लागली होती. त्यापुढे माझं काय चालणार!

नांदेडला ताई दारातच उभी होती. “लागलं का हो?”

“लागलं,” दाजी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला. तो मी न पिताच खाली ठेवला; डोळ्यांपुढे शांताबाईंची रिकामी घागर होती.