पहिल्यापासून!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत स्तोत्र पाठांतराचा वर्ग चालतो. मी तिथे वर्षभर जातोय. स्तोत्र अजून अर्धंच पाठ झालंय, किस्से मात्र सगळे तोंडपाठ!

वर्ग घेतात लेलेबाई, निवृत्त शिक्षिका. एक अक्षर चुकलं तरी पहिल्यापासून म्हणायचं, आणि मागून कुणी शब्द पुरवायचा नाही, हा त्यांचा नियम.

*

दामलेकाका नेहमी मधल्या एकाच श्लोकाला अडायचे. दामलेकाकू मागच्या रांगेतून हळूच शब्द पुरवायच्या. एकदा बाई कडाडल्या, "स्तोत्र कोण म्हणतंय, तुम्ही की हे?"

"अहो बाई, घरी यांचा चष्मासुद्धा मीच शोधून देते! एकदा यांच्या तोंडून न अडखळता सबंध ऐकलं, की मी सुटले."

*

खराडीत आयटीत असलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी विचारून बसली, "मॅम, याचं मीनिंग काय?"

ती चपला घालून देवघरात शिरल्यासारखे सगळे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "अर्थ परीक्षेला नाही."

मुलगी परत आली नाही. शहाणी!

*

वाघोलीला एकाची वास्तुशांत. पानं वाढलेली, आमचं स्तोत्र सुरू. कुणीतरी चुकलं. पहिल्यापासून! पुन्हा चुकलं. पुन्हा पहिल्यापासून! जिलब्या गार पडल्या. परांजपेकाका रडकुंडीला आले, "बाई, माझी शुगर लो होतेय हो!"

"मग चुकू नका!"

*

एकदा लाईट गेली आणि बाईंसकट चौघं लिफ्टमध्ये अडकली. घाबरून स्तोत्र सुरू केलं. लाईट आली, दार उघडलं, पण नेमका तेव्हाच एकाचा शब्द चुकला!

"अवो बाई, दार उघडं हाय, उतरा की!" वॉचमन ओरडला.

बाईंनी त्यालाच गप्प बसायची खूण केली. चौघं आतच, पहिल्यापासून सुरू! बाकीची सोसायटी जिन्याने गेली.

*

गेल्या महिन्यात दामलेकाकू गेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. काका फोटोसमोर उभे राहिले. "हिला सबंध ऐकायचं होतं," एवढंच म्हणाले आणि स्तोत्र सुरू केलं.

त्याच श्लोकाला अडले. सवयीने वळून मागच्या रांगेकडे पाहिलं.

मागे अख्खा वर्ग बसला होता. पुढचा शब्द पाठ असलेली इतकी माणसं, पण एकाही विद्वानाने तोंड उघडलं नाही. नियम म्हणजे नियम!

लेलेबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पहिल्यापासून."

काका फोटोकडे वळले. "ऐकलंस ना?" म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरू केलं.