या जेवाले

मंगलचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं जेवत होतो. जेवताना फोन घ्यायचा नाही असा पिंप्राळ्याच्या आमच्या घरात ह्यांचा नियम आहे, पण त्या दिवशी ह्यांनीच तो झडप घालून उचलला, कारण धुळ्याच्या दवाखान्यातून केव्हा काय कळेल याचा नेम नव्हता. मंगल आमची भाची. तिचं ऐकून घेतलं, 'निघतो' म्हणाले आणि फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. मंगलची आई, म्हणजे ह्यांची मोठी बहीण आणि माझी नणंद, साक्रीच्या अक्का गेल्या होत्या. माझ्या हातात घास तसाच होता. तो ताटात परत ठेवताना माझ्या मनात आलं की आज दार लावून जेवायला बसलो म्हणून आता आपल्याला कुणी बोलणार नाही. माणूस गेल्यावर असले भलतेच विचार आधी येतात, रडू मागून येतं. मला ते दोंडाईच्याच्या कुणा पाहुण्यांचं सांत्वन करताना आलं, म्हणजे उलटंच झालं, ते मला पाणी द्यायला उठले.

अक्कांबद्दल सांगायचं तर दाराबद्दलच सांगावं लागेल. आपल्याकडे जेवायला बसलेला माणूस दारावरून जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणतो आणि जाणारा 'चालू द्या' म्हणून पुढे जातो. हा येणार नाही हे बोलावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, याच्या मनात नाही हे जाणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तरी दोघांपैकी एकानं आपलं वाक्य गाळलं तर त्याची चर्चा पुढच्या लग्नसराईपर्यंत पुरते. अक्कांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दाजी म्हणायचो, ते तर ओट्यावर ताट घेऊन बसायचे ते जणू त्याचसाठी. सायकलवाला, दूधवाला, समोरच्या सुमनबाई, बाजारच्या दिवशी पश्चिमेकडच्या पाड्यांवरून डोक्यावर गाठोडी घेऊन येणाऱ्या बाया, सगळ्यांना 'या जेवाले'. आत उंबऱ्याशी भाकरी घेऊन उभ्या असलेल्या अक्का पुटपुटायच्या, "बठ्ठा गाव वना तर मी काय वाढसू?" गाव कधी आलं नाही. गाव 'चालू द्या' म्हणत राहिलं आणि दाजींचं चालू राहिलं.

दाजींना खायची आणि त्यातही बाहेर खायची हौस. धुळ्याला कोर्टकचेरीच्या कामाला गेले की स्टँडजवळची शेवभाजी, आमच्याकडे हिवाळ्यात आले की भरीत-पुरी, तीही घरची नाही, गाडीवरची. मी घरी बामणोदची वांगी भाजून, हिरवी मिरची कुटून, नाकातोंडात धूर घेऊन भरीत करावं आणि पाहुण्यानं कोपऱ्यावर जाऊन दुसऱ्याचं खाऊन यावं, याचा मला राग यायचा. त्यांचं म्हणणं असं की गावात देवळाच्या आधी गाडी पाहावी, गाडीवर चार माणसात बसून खाल्लं की गाव कळतं. अक्का सोबत असायच्या, पण स्वतःची प्लेट कधी घ्यायच्या नाहीत, दाजींच्या प्लेटमधला एक घास घेऊन 'मीठ जास्त शे' एवढा निकाल द्यायच्या. परदेशातल्या गाड्या पाहायच्या म्हणून दाजींनी दोघांचे पासपोर्टही काढून ठेवले होते. मग एका दुपारी जेवून हात धुतले आणि मोरीच्या दाराशीच बसले... ते उठलेच नाहीत.

त्यानंतर अक्का उभ्यानं जेवायला लागल्या. ओट्याकडचं दार लोटलेलं, गॅसजवळ उभं राहून हातावर अर्धी भाकरी, वर चटणी, चार घासात जेवण आटोपलं. आम्ही गेलो की आम्हाला पंगतीला बसवून आग्रहानं वाढायच्या आणि स्वतः 'माझं झालं' म्हणायच्या. केव्हा झालं, कुणी पाहिलं नव्हतं. अंगावरचं पोलकं सैल होत गेलं. मंगलनं धुळ्याला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मी एकदा चिडून म्हटलं की अक्का, बसून जेवलात तर काय बिघडेल. त्या भांडी विसळत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "एकलीना घास नरडामा अडकस, सुनंदा. उभं ऱ्हायनं म्हंजे खाले उतरस." मी फडकं घेऊन विसळलेली भांडी पुसायला लागले.

ह्यांनी मग एक धाडस केलं. माझ्या निवृत्तीनिमित्त आम्ही व्हिएतनामच्या सहलीला जाणार होतो, तिथं अक्कांचंही नाव घातलं. पासपोर्ट होताच. अक्का नाही म्हणाल्या, मग दाजींच्या पासपोर्टावरचा फोटो बराच वेळ पाहत बसल्या आणि लुगड्याच्या घड्या घालायला लागल्या. सहल मराठी मंडळींची, सोबत स्वयंपाकी, म्हणजे समुद्र ओलांडून गेलं तरी ताटात वरणभात चुकणार नाही अशी हमी. तिसऱ्या दिवशी सायगॉनच्या हॉटेलात पुरणपोळी आहे अशी घोषणा झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी माझ्या कानाशी विचारलं, "पुरनपोयी खावाले इमानमा बठनू का मी?" आणि त्या उठून सरळ रस्त्यावर. मी मागे धावले. पुरणपोळी सोडून धावले, हे नमूद केलेलं बरं.

रस्ता म्हणजे सगळा संसारच फुटपाथवर मांडलेला. जिकडे तिकडे वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं, तेवढीच बुटकी टेबलं, आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसं. ऑफिसातले साहेब, शाळेच्या पोरी, म्हाताऱ्या, कुणीही उभं राहून खात नव्हतं. अक्का थबकल्या. म्हणाल्या, "पाटच शेतस हाई." एका बाईच्या गाडीशी निखाऱ्यांवर पानात गुंडाळलेलं काहीतरी भाजत होतं. गाइडला फोन करून मी खात्री केली, मासमच्छी काही नाही, चिकट भातात गुंडाळलेलं केळं आहे. केळं! माझं माहेर रावेरकडचं. बागा, घड, ट्रक यातच लहानपण गेलेलं, आमच्याकडे पाहुण्यापुढे केळं ठेवलं तर पाहुण्याला तो अपमान वाटतो. मी म्हटलं, अक्का, पुरणपोळी टाकून केळं खायचं? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. अक्कांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या लाल स्टुलावर बसल्या. बसल्या म्हणजे मांडी घालायचा प्रयत्न केला, तो फसला, मग गुडघे उंच करून बसल्या. गाडीवालीनं केळं कापून त्यावर नारळाचं घट्ट दूध ओतलं, भाजलेले शेंगदाणे भुरभुरले आणि बशी पुढे ठेवली.

पहिला घास घेताना समोरून एक बाई आली. डोक्यावर तिथली टोकदार, उपड्या टोपलीसारखी टोपी, हातात लॉटरीच्या तिकिटांची चळत, वय अक्कांएवढंच. तिनं तिकिटं पुढे केली. अक्कांच्या हातात घास, आणि दारावरून माणूस जातंय... त्यांच्या तोंडून निघून गेलं, "या जेवाले." हातही तसाच हलला, बशीकडे. इतक्या काळात मी तो शब्द त्यांच्याकडून ऐकला नव्हता. आता तिनं 'चालू द्या' म्हणून पुढे जायचं होतं. पण तिला कुठं आपला रिवाज माहीत. तिनं एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा बशीकडे पाहिलं, तिकिटं पिशवीत ठेवली, टोपली काढली, शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. बोलावलेला माणूस खरंच बसला तर पुढे काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मला तर आता ही तिकीट गळ्यात मारणार अशीच शंका. पण गाडीवालीनं न सांगता दुसरा चमचा आणून ठेवला, आणि अक्कांनी बशी हळूच मध्ये सरकवली. दोघी खायला लागल्या. अक्का अहिराणीत बोलत होत्या, ती तिच्या भाषेत, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीला समजत नसल्याचं मनावर घेतलं नाही. नारळाच्या दुधात मीठ होतं. अक्का म्हणाल्या, "मीठ बरोबर शे." शेवटचा एक तुकडा उरला तेव्हा त्या बाईनं तो चमच्यानं अक्कांपुढे लोटला, आणि अक्कांनी तो खाल्ला. बसून, सावकाश. तिकीट वगैरे काही न विकता बाई टोपली घालून निघून गेली. अक्का ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमना जलम गया 'या जेवाले' म्हणामा. बठनी ती हाईच बाई." आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांकडे गेला, आणि मी गाडीवालीकडे बोट करून माझ्यासाठीही एक बशी मागवली, कारण त्या वेळी मला दुसरं काही सुचेना. चांगलं होतं हो केळं. माहेरी सांगितलेलं नाही.

उरलेले दिवस अक्का सहलीच्या जेवणाला फिरकल्या नाहीत. भाजलेली जांभळी रताळी, मक्याची कणसं, पानातला भात, रोज नवी गाडी आणि रोज नवं स्टूल. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजारातून तसली दोन लाल स्टुलं घेतली, एकात एक बसणारी. विमानतळावर हे शरमेनं चूर. म्हणाले, अक्का, अशी स्टुलं धुळ्याच्या स्टँडसमोर ढिगानं मिळतात. अक्का म्हणाल्या, "तठे भेटतस, पन त्यावर कोनी बठत नही." आणि ती हातात धरून त्या विमानात चढल्या.

साक्रीला अक्कांच्या ओट्यावर एका स्टुलावर अक्का आणि समोर दुसरं रिकामं, असं रोजचं जेवण सुरू झालं. आम्हाला वाटलं नव्याचे नऊ दिवस. पण नाही. कुणी 'चालू द्या' म्हणालं की त्या म्हणायच्या, "मी खरंच बलाई ऱ्हायनू." गल्ली आधी बिचकली. समोरच्या सुमनबाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या नणंदेला काही झालंय का पाहा, असं खरोखर कुणी बोलावतं का. त्या स्वतः शेवटपर्यंत कधी बसल्या नाहीत. पण बाजारच्या दिवशीच्या पाड्यावरच्या बाया बसायला लागल्या. त्यांच्या फडक्यातली नागलीची भाकरी, अक्कांची ज्वारी-उडदाच्या कळण्याची, दोघींची अर्धी अर्धी बदलून. अक्का फोनवर मला हे सगळं सांगायच्या, कुणाच्या चटणीत काय होतं तेही. त्यांचं पोलकं पुन्हा अंगाला बसायला लागलं. ज्या गाड्या दाजी गावोगाव शोधत हिंडले, त्यातली एक अक्कांनी दारातच मांडली होती.

मग पोटाचं दुखणं निघालं, आणि ते निघालं तेव्हा फार उशीर झालेला होता. धुळ्याच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ राहिले. त्यांना सलाइनवर ठेवलेलं, तोंडानं काही द्यायचं नाही. मी पिंप्राळ्याला परतणार त्या दिवशी दुपारी मंगलनं माझ्यासाठी डबा आणला. त्यांच्यासमोर कसा खाऊ म्हणून मी तो घेऊन बाहेर निघाले, तर त्यांनी खुणेनं थांबवलं आणि पलंगाजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बसून खा. मी बसले, डबा उघडला, भाकरी मोडली. आणि काय झालं कोण जाणे, सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "या जेवायला, अक्का." त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं रागावतील. त्या थोडं हसल्या आणि अगदी रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, "चालू द्या तुमनं."

परवा मी एकटीच साक्रीला गेले. घर उघडून हवा द्यायची, भांडी मंगलकडे पाठवायची, अशी कामं होती. एस.टी.तून उतरून गल्लीत शिरले तर अक्कांच्या दाराला कुलूप, आणि ओट्यावर ती दोन्ही लाल स्टुलं मांडलेली. बाजारचा दिवस होता हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यांच्यावर पाड्याकडच्या दोन बाया फडकं सोडून जेवत बसल्या होत्या. मी समोर पाहिलं. सुमनबाई त्यांच्या दारात तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या की स्टुलं त्यांच्याकडेच असतात, बाजारच्या दिवशी त्याच आणून ठेवतात, अक्का नाहीत हे त्या बायांना ठाऊक आहे.

मी किल्ली हातात घेऊन पायरीशी उभी राहिले. दोघींपैकी थोरलीनं माझ्याकडे पाहिलं, जरा सरकली आणि म्हणाली, "या जेवाले."

'चालू द्या' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसले. तिनं नागलीची अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.