उत्कर्षाची सही

उत्कर्षा शिरपूरची. तिचे वडील सूर्यकांत पोलीस खात्यात जमादार होते, आणि नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची चोरटी शेतं शोधण्यात घालवली. कपाशीच्या आड लावलेली झाडं उपटायची, वजन करायचं, पंचनामा लिहायचा, जाळून टाकायची. त्यांची मुलगी बीएस्सी अ‍ॅग्री करून कॅनडात ग्वेल्फला शिकायला गेली आणि तिला पहिली नोकरी लागली ती गांजाच्याच, पण सरकारी परवान्याच्या ग्रीनहाऊसमध्ये. घरी तिने सांगितलं, "औषधी वनस्पती आहेत." वडील काचघर दाखव म्हणाले की ती "आत फोन अलाउड नाही" म्हणून विषय बदलायची.

ती रुजू झाली तेव्हा तिथे गांजा कायदेशीर होऊन तीन वर्षं उलटली होती. सुरुवातीला जो तो ग्रीनहाऊस बांधत सुटला होता. आता माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी गत झाली होती. एकाच रस्त्यावर चार-चार दुकानं निघाली, भाव कोसळले, न खपलेला माल ट्रक भरभरून नष्ट करावा लागे. दर दोन महिन्यांनी कुणाचा तरी लेऑफ व्हायचा. उत्कर्षाचं काम दर्जा तपासणीचं. लॅबचा रिपोर्ट पाहून तिने सही केल्याशिवाय डबी बाहेर जात नसे. तिचं वर्क परमिट वर्षभरात संपणार होतं आणि पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, फाइलला कंपनीचं पत्र लागणार होतं. त्यामुळे मॅनेजर डेरेकच्या केबिनचं दार वाजलं की ती हातातलं काम थांबवून तिकडे बघायची.

मार्चमध्ये एका बॅचचा रिपोर्ट आला: टीएचसी एकोणीस टक्के. टीएचसी म्हणजे नशेचा घटक.

डेरेक म्हणाला, "पंचवीसच्या खाली दुकानदार हात लावत नाहीत. नमुन्याला फक्त शेंड्याची फुलं निवड, ती कडक असतात, आणि दुसऱ्या लॅबला पाठव. ते जरा सढळ आहेत."

तिने निवडली. त्या वेळी तिला त्यात फार वावगं वाटलंही नाही. आठवड्याने रिपोर्ट आला, सव्वीस पॉइंट आठ. माल तोच, डब्या त्याच. कागद टेबलावर ठेवून ती वॉशरूमला गेली, परत आली, पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून आली. सही होईना.

पॅकिंगमध्ये रुथमावशी होत्या, मूळच्या रेवदंड्याच्या, तीस वर्षं कॅनडात. जेवणाच्या सुट्टीत उत्कर्षाने त्यांना सांगितलं.

"आमचे हे, एलिएझर, पाठीच्या दुखण्यासाठी हेच घेतात गं," त्या म्हणाल्या. "डबीवरचा आकडा बघून किती घ्यायचं ते ठरवतात. कधी काहीच होत नाही, कधी दिवसभर झोपून. मला वाटायचं, त्यांच्या वयाचा दोष."

"मी सही नाही केली तर नोकरी जाईल, मावशी."

"जाईल," रुथमावशी म्हणाल्या. त्यांनी डबा बंद केला.

दुपारी उत्कर्षाने पहिला रिपोर्ट जोडून ईमेल केला: या आकड्याला माझी सही आहे, दुसऱ्याला नाही. डेरेक चिडला नाही, त्याने फक्त "ओके" लिहिलं. बॅच दुसऱ्याच कुणाच्या तरी सहीने गेली. एप्रिलच्या लेऑफमध्ये अकरा नावं होती, त्यांत तिचंही होतं. पीआरसाठीचं पत्र मात्र एचआरने नियमाप्रमाणे दिलं.

त्या रविवारी सकाळी तिने शिरपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगून टाकलं. गांजा हा शब्द तिने पहिल्यांदाच वडिलांसमोर उच्चारला. मागे मिक्सर चालू होता, तो थांबला.

"मला अंदाज होता," ते म्हणाले. "कुठली औषधी वनस्पती असते की जिच्या शेडमध्ये फोनसुद्धा नेता येत नाही? म्हणजे सही नाहीच केलीस?"

"नाही."

"मी केली होती." त्यांनी चष्मा काढला. "एका धाडीत त्रेसष्ट किलो भरला. कागदावर पंचेचाळीस लिहिला. साहेब म्हणाले, कर. मी केली."

"बाकीचा कुठे गेला, पप्पा?"

"विचारलं नाही."

त्यांनी चष्मा परत लावला. मग ते म्हणाले, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

सहा महिने तिने लेमिंग्टनला ढोबळी मिरचीच्या ग्रीनहाऊसमध्ये काम केलं. पीआरचं पोर्टल ती दिवसातून दहादा उघडायची. परमिट संपायला सोळा दिवस उरले असताना मंजुरी आली, तेव्हा ती पायऱ्यांवर बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता. झाला तो दुसऱ्या दिवशी.

आता ती गांजाच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. तिसऱ्याच आठवड्यात एका उत्पादकाचा फोन आला, फार अदबीने बोलत होता: आकडा पुन्हा एकदा बघता येईल का?

"दोनदा बघितलाय," उत्कर्षा म्हणाली. "एकवीसच आहे."

त्याने आभार मानले. पुढच्या महिन्यात त्याचे नमुने आले नाहीत. लॅबच्या मालकीणबाईंनी कारण विचारलं, तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, "असे आणखी दोघं गेले तर मला कठीण आहे."

"माहीत आहे," उत्कर्षा म्हणाली, आणि पुढची बाटली उचलून तिच्यावर तारीख लिहायला लागली.