हॉलमधली सायकल

बहारीनमध्ये मे महिना लागला की सायकलवाल्यांची पंचाईत होते. सूर्य वर यायच्या आधीच हवा तापलेली असते, आणि ऑगस्टकडे तर तिच्यात समुद्राचा ओलावा मिसळतो. श्वास घेतला की गरम टॉवेल तोंडावर धरल्यासारखं वाटतं. माझ्या नवऱ्याला सायकलचं वेड आहे. एक आठवडा चालवली नाही तर घरात त्यांच्याशी बोलायची सोय राहत नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी सायकल सरळ हॉलमध्ये आणली.

जिदहफ्समधल्या आमच्या फ्लॅटचा हॉल काही मोठा नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली सोफा, समोर टीव्ही, खिडकीपाशी मुलीचं अभ्यासाचं टेबल. ते टेबल सरकवून त्यांनी तिथे ट्रेनर मांडला. ट्रेनर म्हणजे एक जड लोखंडी स्टँड. सायकलचं मागचं चाक काढायचं, ती त्यात घट्ट बसवायची आणि जागच्या जागी पॅडल मारत राहायचं. नागपूरहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा घाम गाळून हा पोचतो कुठे?"

आम्ही सगळे हसलो. मला तर मनातून बरंच वाटलं होतं. सायकल मीही चालवते, त्यांनीच शिकवली, पण इथल्या रस्त्यांची माझी भीती कधी गेली नाही. शुक्रवारी सकाळी ते ग्रुपबरोबर बाहेर पडले की परत येईपर्यंत फोन माझ्या हाताखाली असायचा. इथे गाड्या जोरात जातात, आणि चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये असतं. त्यांचा पहिला धडा होता, "त्याने आपल्याला पाहिलं असं वाटलं, तरी पाहिलं नाही असंच धरायचं." माझे स्वतःचे नियम त्याहून कडक. कानात काही घालायचं नाही. मागचा दिवा भर दिवसाही चालू ठेवायचा, कारण धूळ उठली की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. राउंडअबाउट आलं आणि शंका वाटली, तर उतरून चालायचं; त्यात लाजण्यासारखं काही नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली सैल ठेवणारी माणसं मला बघवत नाहीत.

तर सायकल हॉलमध्ये आली आणि मला वाटलं, चला, चार महिने तरी जिवाला घोर नाही.

नवरा एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. शिफ्टवरून यायचे, चहा घ्यायचे आणि सायकलवर बसायचे. एसी चालू, समोर टेबलफॅन, तरी घामाच्या धारा लागायच्या. कपाळावरून, कोपरांवरून घाम थेट हँडलवर टपकायचा. आमच्या त्या सायकलचं हँडल दोन्ही बाजूंना मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, आणि हाताला पकड मिळावी म्हणून त्यावर काळी टेप गुंडाळलेली. ती टेप भिजून चिंब व्हायची आणि दुसऱ्या दिवशीही पुरती वाळलेली नसायची. मी फरशी पुसायचे, सायकलची दांडी पुसायचे, टेपवरून फडकं दाबून फिरवायचे. फडकं वाळलं की त्याच्या कडांना मिठाचे पांढरे पट्टे दिसायचे.

आवाज जुलैत सुरू झाला. मी किचनमध्ये पोळ्या लाटत होते. आधी 'कर्र', मग हलकेच 'टक'. ते सीटवरून उठून, उभं राहून पॅडल मारायचे तेव्हाच यायचा. बसले की बंद.

"अहो, काय वाजतंय ते?"

"ट्रेनर वाजतोय. उभं राहिलं की स्टँडवर लोड येतो ना."

"स्टँडचा नाही वाटत. पुढून येतोय."

मुलीने वहीतून मान वर न करता निकाल दिला, "आई, इट्स जस्ट द फ्लोअर."

मी परत पोळ्यांकडे वळले. पण त्या दिवसापासून माझा एक कान हॉलमध्ये राहायला लागला.

काही दिवसांनी घरमालकीणबाई वर आल्या. त्या खालच्याच मजल्यावर राहतात. वयस्कर बहारीनी बाई, हिंदी मोडकंतोडकं पण बिनधास्त. दारातूनच जमिनीकडे बोट करून म्हणाल्या, "शिनो हाजा? ये क्या है? रोज शाम को घर्र घर्र. मेरा छत हिलता." आम्ही माफी मागितली. नवऱ्याने बाजारातून जाड रबरी मॅट आणून स्टँडखाली घातली. खाली जाणारी घरघर थांबली, बाई खूश झाल्या. पण ती घरघर गेल्यावर हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत ते 'कर्र, टक' एकदम उघडं पडलं. आता ते किचनचं दार लावलं तरी ऐकू यायचं.

त्यांच्या ग्रुपमधले एक मित्र पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सायकलच्या प्रत्येक भागावर त्यांचं ठाम मत. एका शुक्रवारी ते जेवायला आले तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. जेवणाआधीच बाह्या सरसावून ते कामाला लागले. पॅडलमधलं बेअरिंग बदललं, सीटच्या दांडीला ग्रीस लावलं, चेन साफ केली, दिसेल तो स्क्रू आवळला.

"हँडल बघितलं का, भाऊजी?" मी विचारलं.

"वहिनी, अॅल्युमिनियमचं आहे. कार्बनचं असतं तर मीच घाबरलो असतो. अॅल्युमिनियम वाकेल, तुटणार नाही."

आवाज खरंच गेला. एक-दोन दिवस घरात कसा सुटकेचा श्वास होता. मग तो परत आला. पूर्वीपेक्षा थोडा खोल, थोडा ओला वाटावा असा. फोनवर भाऊजी हसले. "सायकल बोलतेच, वहिनी. तुम्ही ऐकणं सोडून द्या."

एकदा ते उभं राहून जोर लावत असताना मी जवळ गेले आणि हँडलच्या उजव्या बाजूवर तळवा ठेवला. टेपखाली काहीतरी किंचित हललं. पडायला आलेला दुधाचा दात हलावा तसं. मी हात मागे घेतला.

"हलतंय हो ते."

त्यांनी पॅडल थांबवलं, दोन्ही हातांनी हँडल धरून गदागदा हलवलं. काही झालं नाही. "बघ, घट्ट आहे. तुला आता नसलेलं पण जाणवायला लागलं." रागावून नाही, प्रेमानेच म्हणाले. त्यांनी हलवलं तेव्हा खरंच काही हललं नव्हतं.

ऑक्टोबर सरता सरता हवा बदलली. एका सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि हवा अंगाला गार लागली. त्या शुक्रवारी दोघांनीच अरादपर्यंत जायचं ठरलं. किल्ल्याजवळ समुद्राच्या कडेने एक चक्कर, चहा, आणि परत. त्यांनी मागचं चाक बसवलं, हवा भरली, ब्रेक तपासले. मी टेपकडे बघत उभी होते. उन्हाळाभराच्या घामाने ती कडक झाली होती आणि तिला आंबूस वास येत होता.

"ही नवी घालायची ना?"

"पुढच्या आठवड्यात. आज निघू दे आता."

रस्ता रिकामा होता. ते पुढे, मी मागे. वारा समोरून येत होता आणि त्याच्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी मागे वळून ओरडून सांगितलं, "ऐकलंस? एकदम शांत! ट्रेनरच होता तो." मी मान हलवली. खरं तर मला शांत वाटत नव्हतं. मला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

अरादच्या वाटेवर, मुहर्रक बेटाकडे जाणाऱ्या पुलाचा चढ तसा लहानसा. इथे रहदारी उजवीकडून चालते, म्हणून आम्ही उजव्या कडेने, कठड्याला धरून चाललो होतो. डाव्या हाताने गाड्या जात होत्या. चढ सुरू झाला तसे ते "यल्ला, चल!" म्हणाले आणि सीटवरून उठले.

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, म्हणून मला सगळं दिसलं. उजवा खांदा एकदम खाली गेला. पायरी चुकल्यावर जातो तसा. हँडलची उजवी बाजू त्यांच्या मुठीत होती आणि सायकलला नव्हती. पुढचं चाक आडवं झालं. ते उजवीकडे कठड्याच्या दगडावर आदळले. हेल्मेट दगडाला लागल्याचा आवाज मला वाऱ्यातही ऐकू आला. त्याच वेळी डावीकडून एक भला मोठा ट्रक गेला. त्याच्या झोतात माझी सायकल डगमगली.

मी सायकल टाकून धावले. ते कुशीवर पडले होते, डोळे उघडे. तोंडातून रक्त येत होतं.

"हँडल..." ते म्हणाले. "हँडल कुठाय?"

"तुमच्या हातातच आहे."

आमच्या मागे एक गाडी येऊन थांबली. पांढरा पायघोळ थोब घातलेला माणूस उतरला, गाडी आमच्या आडवी लावून तिचे दिवे लुकलुकत ठेवले आणि माझ्या शेजारी बसला. "हिलाना नहीं, सिस्टर, हिलाना नहीं." अॅम्ब्युलन्स त्यानेच बोलावली. ती येईपर्यंत त्याने आपल्या अंगाची सावली नवऱ्याच्या तोंडावर धरली होती. मला त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

सलमानियाच्या हॉस्पिटलमध्ये नर्सने त्यांची बोटं एक एक करून सोडवली, तेव्हा तो तुकडा सुटला. ब्रेकची कापलेली तार त्याला अजून लोंबकळत होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मनगटाला मार होता, पुढचे दोन दात गेले होते. हेल्मेटला एका बाजूने उभी भेग. डॉक्टरांनी ते हातात घेऊन भेगेवरून बोट फिरवलं आणि मला परत दिलं.

ते घरी आल्यावर भाऊजींनी सायकल आणून दिली. नवऱ्याचा हात झोळीत. भाऊजी हॉलमध्ये त्याच रबरी मॅटवर बसले आणि उरलेल्या डाव्या बाजूची टेप सोडायला लागले. टेप चिकटली होती, ओढून काढावी लागली. तिच्याखालून पांढरी पूड गळली. चुन्यासारखी. मॅटवर तिचा लहानसा ढीग झाला. आतला धातू खाल्लेला होता, बोट फिरवलं तर खडबडीत खड्डे लागत होते. घामातलं मीठ टेपखाली कोंडून आख्खा उन्हाळा ते हँडल खात होतं. आणि ब्रेक जिथे आवळलेला असतो तिथे, अर्ध्या गोलाईपर्यंत, केसासारखी काळी रेघ होती. भाऊजींनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"ही बाजू आधी गेली असती तर..." ते म्हणाले.

"बास," नवरा म्हणाला.

डाव्या बाजूला ट्रक होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि मुलगी तिथेच टेबलापाशी बसलेली होती.

भाऊजी त्या दिवशी चहा न घेताच गेले. संध्याकाळी त्यांच्या सायकलचा फोटो आला. टेप सोडलेली, खाली तसलीच पांढरी पूड. मग ग्रुपमध्ये एकेकाचे फोटो यायला लागले. काहींची हँडलं स्वच्छ होती, काहींची नव्हती. आता भेटेल त्या सायकलवाल्याला मी सांगते: घरात चालवत असाल तर टेप दर सीझनला सोडा, आतून साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. उभं राहिल्यावर पुढून आवाज आला तर सायकलवर बसू नका. लोक ऐकून घेतात, मान हलवतात, आणि बोलणं टायरकडे नाहीतर नव्या कपड्यांकडे वळवतात.

हाड जुळायला हिवाळा गेला. खांदा अजून पुरता वर जात नाही. दात बसवले, पण हसताना ते ओठ मिटून हसतात. सायकलला नवं हँडल बसलं, आणि एका गुरुवारी ते म्हणाले, "उद्या जायचं का?"

"कुठे?"

"अरादलाच."

"पुलावरून?"

"गाडीत घालून नेऊ."

तेव्हापासून आम्ही दोन्ही सायकली गाडीत घालून पूल ओलांडतो आणि पलीकडे उतरून समुद्राच्या कडेने चालवतो. ते आता सीटवरून उठत नाहीत, लहानशा उंचवट्यावरसुद्धा. मी मागेच असते. मुलगी एकदा आमच्याबरोबर आली होती. गाडी पुलावर आली तेव्हा तिने विचारलं, "वॉज इट हिअर?" नवऱ्याने रस्त्यावरून नजर काढली नाही. मी म्हटलं, "थोडं पुढे." आणि मग ती जागा येऊन गेली तरी तिला कोणी दाखवली नाही.

परवा जेवताना ते म्हणाले, "येत्या शुक्रवारी घरापासूनच चालवत जावं म्हणतो. किती दिवस गाडीतून नेणार?" मी त्यांच्या ताटात भात वाढला. गुरुवारी रात्री मी त्या नव्या हँडलची टेप सोडून बघणार आहे.